शंटिंगचा लेआउट, सांगली: आधी माल, मग रूळ

रूळवेडा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी.

घरच्या खालच्या खोलीत एका भिंतीला धरून १२ फूट लांब आणि १८ इंच रुंद असा एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा मॉडेल रेल्वेचा लेआउट उभा करतोय. यात गाडी गोल गोल फिरत नाही. एक शंटिंगचं इंजिन, डझनभर चारचाकी वाघिणी (मालडबे), तीन गिऱ्हाइकं आणि एक वजनकाटा, बस्स. मिरजेकडून आलेली छोटी मालगाडी फोडायची, प्रत्येक वाघीण आपापल्या दारात लावायची, तिथल्या भरलेल्या किंवा रिकाम्या उचलायच्या आणि गाडी पुन्हा जोडून मिरजेला धाडायची. एवढ्यात तास-दीड तास सहज जातो.

काळ १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध धरलाय. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्यानंतरचा. आजची मालगाडी घेतली तर शंटिंगचा खेळ उभाच राहत नाही. अख्खा रेक, म्हणजे पूर्ण गाडी, एका ठिकाणी भरतो आणि एका ठिकाणी रिकामा होतो, सगळ्या वाघिणी एकाच जातीच्या. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी कमी करत आणली. त्याआधी एखाद्या व्यापाऱ्याला एक वाघीण मागवता यायची आणि ती त्याच्या दारात लागायची. मला ते दिवस हवेत.

जागा काल्पनिक आहे, नाव दिलंय 'हरिपूर रोड'. नकाशावर असं स्टेशन नाही. पण गिऱ्हाइकं इथलीच: साखर कारखाना, हळदीचं गोदाम, फाउंड्री.

मी रुळांचा आराखडा सगळ्यात शेवटी काढला. आधी वहीत लिहून काढलं की कुठल्या दारात काय येतं, काय जातं, कशातून आणि कधी. फाउंड्रीला उघड्या वाघिणीतून कच्चं लोखंड आणि कोक येतो, तिथून बंद वाघिणीत कास्टिंग जातं. कारखान्यात बारदान आणि चुना येतो, साखर जाते, मळीच्या टाक्या जातात. हळद फक्त जाते. हे कागदावर आल्यावर रूळ किती लागतात ते आपोआप ठरलं आणि पहिल्या मनसुब्यापेक्षा निम्मेच निघाले.

तीन बोर्ड आहेत, प्रत्येकी ४ फुटांचे. मधला पूर्ण झालाय आणि चालतोय. आता उरलेले दोन जोडायचे आणि सगळंच जरा घोटायचंय. मदत हवी आहे ती बोर्डांचे सांधे, इंजिनाचा संथ वेग आणि गिऱ्हाइकांचा खरेपणा, या तीन बाबतींत.

शिरवळचा_सिग्नल

लय भारी. पण १२ फुटांत चालवणार काय? इंजिन सुटलं की भिंत आली.

रूळवेडा_विश्रामबाग

शंटिंगची वेगमर्यादा आपल्याकडे ताशी १५ किलोमीटर. १:८७ मध्ये ती सेकंदाला जेमतेम ४.८ सेंटिमीटर भरते. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेलो तरी सव्वा मिनिट. आणि न थांबता जायचं कुठे आहे? वाघिणीजवळ थांबायचं, हळूच टेकायचं, जोडायचं, पॉइंट्समन पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा भाग) बदलून झेंडी दाखवेपर्यंत वाट बघायची, वजनकाट्यावर परत थांबायचं. जागा पुरून उरते.

आराखडा शब्दांत सांगतो. डावीकडून, म्हणजे मिरज बाजूने, एक रूळ येतो. मधल्या बोर्डावर लूप आहे (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ), त्यात चार चारचाकी वाघिणी मावतात (एचओमध्ये एक साधारण साडेनऊ सेंटिमीटरची). लूपच्या पुढे उजवीकडे डेड एंड, म्हणजे पुढे बंद होणारा रूळ. फाउंड्री आणि हळद गोदामाच्या सायडिंगांना (माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांना) गाडी ओलांडून पुढे जाते आणि मागे ढकलत वाघिणी आत घालते. साखर कारखान्याची सायडिंग उलट तोंडाची आहे. तिथे इंजिन पुढे असताना वाघीण लावताच येत नाही. लूपमधून इंजिन फिरवून मागच्या बाजूला आणावं लागतं, मग ढकलायचं. तीन सायडिंगांपैकी एकच उलटी ठेवली, तरी कामाची सगळी चव तिच्यात आहे.

मिरजकर_तीनगेज

काळ उत्तम निवडलात. स्केलबद्दल एक बोलतो. १६.५ मिलिमीटरचा रूळ ८७ ने गुणला तर १४३५ येतात, हा युरोप-अमेरिकेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १:८७ ला १९.२६ मिलिमीटर हवा. समोरून फोटो काढला की वाघीण रुळांवर जरा पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते.

मीटरगेजचा विचार केला होता का? १०००ला ८७ ने भागलं की ११.५ येतात, टीटी या छोट्या स्केलचा १२ मिलिमीटरचा रूळ जवळपास बरोबर बसतो. मिरज-सांगली हा संस्थानी काळातला फाटा मीटरगेजच होता. तीच सांगली करता आली असती.

रूळवेडा_विश्रामबाग

केला होता. मीटरगेजची वायजी, वायपी इंजिनं मनापासून आवडतात. पण १२ मिलिमीटरच्या रुळावर अगदी संथ चालणारं छोटं यंत्र मिळवणं अवघड. १६.५ वर सहा चाकी शंटरची यंत्रं हवी तेवढी मिळतात. त्यावर डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या डिझेल इंजिनाचं थ्रीडी प्रिंट केलेलं अंग चढवलंय. चित्तरंजनला बनलेलं हे इंजिन तीन धुऱ्यांचं, त्यामुळे यंत्राशी मेळ बसला. गेजमधला पावणेतीन मिलिमीटरचा फरक मी मान्य करून पुढे गेलो. शंटिंगच्या लेआउटमध्ये इंजिन कसं चालतं याला मी पहिला मान देतो.

पॅटर्नवाला_कुपवाड

फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य गेलं माझं. बोर्डांच्या सांध्याचं वाचून लिहायला बसलो.

तीन बोर्ड वेगळे का केलेत? कायम एकाच भिंतीला राहणार असेल तर सलग का नाही?

रूळवेडा_विश्रामबाग

काका, महापूर. खोली तळमजल्यावर आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. २००५, २०१९, २०२१, सांगलीकराला ही सालं पाठ आहेत. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की अर्ध्या तासात तिन्ही बोर्ड सुटे करून वरच्या मजल्यावर नेता आले पाहिजेत. आणि पाणी ओसरल्यावर परत जोडले की रूळ केसभरही सरकलेले नकोत. अडचण तिथेच आहे. नुसत्या बोल्टला भोकात खेळ राहतो.

पॅटर्नवाला_कुपवाड

मग तुम्हाला पॅटर्नचे डॉवेल हवेत.

मोठ्या कास्टिंगचा पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, दोन अर्ध्यांत करतात. साचा भरताना ते अर्धे शेकडो वेळा वेगळे होतात, परत मिटतात, आणि दर वेळी तंतोतंत एकमेकांवर बसले नाहीत तर कास्टिंगला पायरी येते. त्यासाठी धातूची जोडी असते. एकाला निमुळतं टोक, दुसऱ्याला त्याच मापाची वाटी. निमुळतं असल्यामुळे घालताना अडत नाही आणि पूर्ण बसल्यावर जरासुद्धा हलत नाही. तुमच्या बोर्डाच्या एका सांध्याला दोन जोड्या पुरे, जितक्या लांब लांब बसवता येतील तितक्या.

बसवायचा क्रम सांगतो, तो चुकवू नका. दोन्ही बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, वरची पातळी जुळवा, क्लॅम्पने आवळा. आवळलेल्या अवस्थेत दोन्ही फळ्यांतून आरपार एकच भोक पाडा. मग सोडवून एकीकडे टोक, दुसरीकडे वाटी ठोका. बोर्ड ओढून धरायला एम-८ चे बोल्ट वेगळे, त्यांची भोकं मोठीच ठेवा. जागा डॉवेल ठरवतो, बोल्ट फक्त आवळतो. दोघांना एकमेकांचं काम देऊ नका.

हे सगळं झाल्यावरच सांध्यावरून रूळ टाका. आधी टाकलेत तर डॉवेलचा उपयोग नाही.

रूळवेडा_विश्रामबाग

नाद खुळा, काका! बोल्टची भोकं मोठी ठेवायची हे ऐकून डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

वायर_आणि_वेग

काकांच्या पुढचं मी सांगतो. सांध्याच्या दोन्ही कडांना बोर्डात पितळी स्क्रू बसवा, त्यांची डोकी रुळाच्या तळाच्या पातळीला आणा. रूळ सलग टाका, स्क्रूंना डाग द्या, आणि शेवटी पातळ कटिंग डिस्कने सांध्यावर कापा. दोन्ही टोकं जिथल्या तिथे गोठतात.

मात्र टोकं गोठवली की रुळाला प्रसरायला जागा कुठे, हा प्रश्न येतो. निकेल सिल्व्हरचा १२ फुटांचा रूळ २० अंशांच्या फरकाने सुमारे सव्वा मिलिमीटर वाढतो. सांगलीचा मे आणि डिसेंबर यांत एवढा फरक सहज आहे. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या मध्यावर एक फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) डाग न देता सोडा आणि तिथे अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. वीज फिशप्लेटच्या भरवशावर नको, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या.

प्लाय कुठला आहे? पावसाळ्यात लाकूड धातूपेक्षा जास्त हलतं.

रूळवेडा_विश्रामबाग

९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, खाली आडव्या पट्ट्या. खालची बाजू आणि कापलेल्या कडा ऑइल पेंटने बंद केल्यात. वरून कॉर्क.

वायर_आणि_वेग

झकास. कडा रंगवणारे फार थोडे असतात.

आता वेग. तीन धुऱ्यांच्या इंजिनाचा पाया आखूड असतो. पॉइंटच्या क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, प्लास्टिकचा तुकडा आला की तेवढ्या लांबीत चाकांना वीज मिळत नाही आणि संथ चालणारं इंजिन तिथेच बसतं. बोटाने ढकलावं लागलं की शंटिंगचा सगळा रंग उतरतो. म्हणून धातूचं क्रॉसिंग घ्या आणि पॉइंट ज्या बाजूला लागला असेल त्या रुळाची वीज मायक्रोस्विचने क्रॉसिंगला द्या. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) वापरत असाल तर इंजिनातल्या डिकोडरला कपॅसिटर जोडा, क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालत राहतं. डिकोडरमधलं सीव्ही २ हे सेटिंग हळूहळू वाढवत न्या, पहिल्याच पायरीला चाक जेमतेम फिरू लागेल तिथे थांबा. सीव्ही ३ आणि ४ थोडे चढवले की इंजिनाला वजन असल्यासारखं वाटतं, सुटतानाही आणि थांबतानाही.

पॉइंट कशाने फिरवता? सर्वो लावायचे असतील तर ९ ग्रॅमचे छोटे सर्वो आणि एक आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) यात सगळे पॉइंट बसतील. कोड देतो.

रूळवेडा_विश्रामबाग

कोड नक्की द्या, मिरज बाजूच्या पॉइंटला लागेल. तो हाताला दूर आहे.

बाकीचे मी हातानेच फिरवतो. सायकलच्या स्पोकने. बोर्डाच्या पुढच्या पट्टीतून स्पोक आडवा आत जातो, त्याचं आत वाकवलेलं टोक सरक-स्विचच्या दांड्याच्या भोकात अडकतं, आणि तोच दांडा वरची टंग रेल (पॉइंटचा सरकणारा रूळ) हलवतो. स्विचची एक बाजू क्रॉसिंगला वीज देते. बाहेरच्या टोकाला स्पोकचंच निप्पल, त्यावर छोटं लाकडी बोंड. ओढलं की 'टक्' असा आवाज येतो आणि पॉइंट पूर्ण बसल्याचं हाताला कळतं. शंटिंग करताना पॉइंट्समनचं काम आपल्या हाताने व्हावं असं मला फार वाटतं. बटण दाबून ते समाधान येत नाही.

वाघिणी सोडवायलाही चुंबक नाही, बांबूची बारीक काडी. कपलरच्या मधोमध घालायची आणि अर्धा फेरा द्यायचा.

सायली_कराड

धागा आवडला. आमच्याकडे मुलांसाठी इंगलनूक केलाय, त्यावरून डेड एंडबद्दल सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंगलनूक हे ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराचं कोडं. तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोघींत तीन-तीन. मुख्य टोकाला इंजिन अधिक तीन वाघिणींची जागा. एकूण आठ वाघिणी, त्यातल्या चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रम ६७२० निघतात. दोनच पॉइंट, तरी कंटाळा येत नाही. हे सगळं त्या मुख्य टोकाच्या लांबीवर अवलंबून आहे. तिथे एक वाघीण जास्त मावली तर कोडं सोपं होऊन जातं, एक कमी केली तर अडून बसतं.

तुमच्या आराखड्यात डेड एंड किती लांब ठेवलाय?

रूळवेडा_विश्रामबाग

इंजिनापुरताच. १४ सेंटिमीटर.

सायली_कराड

माझं मत, इंजिन अधिक एक वाघीण करा. इंजिनापुरता असेल तर इंजिन फिरवण्याखेरीज त्याचा काही उपयोग नाही. एक वाघीण मावली की कधीतरी ती तिथे 'ठेवून' येता येतं, आणि मग विचार करायला दोन वाटा मिळतात. दोन वाघिणी मावल्या तर मात्र उलट्या सायडिंगची मजा जाईल.

शिरवळचा_सिग्नल

मला उलट वाटतं. जेवढा आखूड तेवढं अवघड, आणि अवघड म्हणजेच मजा.

सायली_कराड

अवघड हवंच, पण ते कामाचं अवघडपण हवं. खऱ्या गुड्स यार्डात शंटिंग मास्टर कोडी घालायला बसलेला नसतो, त्याला पाळी संपायच्या आत काम उरकायचं असतं. जागेच्या अडचणीतून जी अडवणूक होते तेवढीच खरी. मुद्दाम घातलेली अडवणूक दोन-चार खेपांनंतर कळते आणि मग ती नकोशी होते.

रूळवेडा_विश्रामबाग

पटलं. उजवा बोर्ड अजून कोराच आहे, डेड एंड २४ सेंटिमीटर करतो.

याच विचारातून मी दारं ठरवलीत. हळद गोदामाला एकच रूळ आहे पण दारं तीन, आणि प्रत्येक वाघिणीच्या कार्डावर दाराचा आकडा असतो. समजा तीन नंबरच्या दारातली वाघीण भरून तयार आहे आणि एक-दोन नंबरला अजून भरणी चालू आहे. तर त्या दोन बाहेर काढायच्या, तिसरी उचलून लूपमध्ये ठेवायची, आणि अर्धवट भरलेल्या दोघी परत नेमक्या त्याच दारांत लावून यायचं, कारण हमाल खोळंबलेत. एका रुळावर एवढं काम निघतं. तिथे आणखी दोन सायडिंग घातल्या असत्या तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

हळदवाली_लेक

माझ्या माहेरी हळदीचा व्यापार. तुमच्या गोदामाबद्दल थोडं.

आधी हंगाम. हळद काढणी साधारण जानेवारी ते मार्च, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, पॉलिश. त्यानंतर राजापुरी हळकुंडं सांगलीच्या पेठेत येतात आणि सौदे सुरू होतात. म्हणजे गोदामाच्या तिन्ही दारांत वाघिणी उभ्या असा देखावा उन्हाळ्यातला. गणपतीच्या सुमारास एखादी वाघीण दिसली तर खरी वाटेल, तीन नाही.

दुसरं, हरिपूरचं नाव घेतलंत म्हणून. हरिपूरला हळद पेवांत ठेवायची पद्धत. जमिनीत खोल खणलेलं, वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. तुमचा काळ त्याआधीचा, तेव्हा गोदामाच्या मागे उघड्या पटांगणात दोन-तीन पेवांची तोंडं दाखवा, वर दगड आणि मातीचा लेप. एक उघडं ठेवा, शेजारी पोत्यांची थप्पी.

आणि एक कळकळीची विनंती, रंगासाठी खरी हळद वापरू नका. उजेडात तिचा रंग उडतो, शिवाय कीड लागते. पिवळ्या गेरूची पूड घ्या. ती सगळीकडे फासायची नाही. दाराच्या उंबऱ्यावर, धक्क्याच्या कडेला आणि वाघिणीच्या दाराच्या खालच्या पट्टीला. पोती ओढून नेली जातात तिथेच हळद सांडते. धक्क्यावर मधोमध हमालांच्या वाटेचा पट्टा पायांनी चोळून गुळगुळीत आणि जास्त गडद झालेला असतो, तो जरूर काढा.

रूळवेडा_विश्रामबाग

ताई, हे कुठल्याही मॉडेलिंगच्या पुस्तकात मिळालं नसतं. पेवं नक्की करतो.

हंगामाचं वाचून कार्डांची सगळी पद्धतच बदलायचं ठरवलंय. आत्तापर्यंत एकच गड्डी होती, पिसायची आणि ओढायची. त्यातून जुलैमध्येही मळीची टाकी निघायची.

सायली_कराड

महिन्यांच्या गड्ड्या करा. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत, तेव्हा कारखान्याची कार्डं जास्त. त्याआधी बारदान आणि चुना आत येतो. उन्हाळ्यात हळद. फाउंड्री बारा महिने. पावसाळ्यात काम कमी, तेव्हा गाडी तीनच वाघिणींची काढा. एकाच लेआउटवर चार वेगळे खेळ होतील आणि एक रूळही वाढणार नाही.

वाघिणीचं कार्ड आणि मालाचं कार्ड वेगळं ठेवा. वाघिणीच्या कार्डावर तिचा नंबर आणि जात. मालाचं कार्ड छोटं, त्यावर गिऱ्हाईक, दार आणि काय आणायचं-न्यायचं. वाघीण मोकळी झाली की छोटं कार्ड बदलायचं. जुन्या काळी वाघिणीच्या अंगावर कागदी लेबल लावलेलं असायचं, त्याचंच हे रूप.

आणि डेमरेज ठेवा. जी वाघीण दोन फेऱ्यांपेक्षा जास्त दारात राहिली तिच्यावर आकार. मुलांना हे फार आवडतं, आपोआप आधी कुठली उचलायची त्याचा हिशेब करायला लागतात.

पॅटर्नवाला_कुपवाड

फाउंड्रीच्या मालाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फोटो बघितले तुमचे. कच्च्या लोखंडाची वाघीण काठोकाठ भरलीत. तशी कधी नसते.

चारचाकी उघडी वाघीण वीस-बावीस टन वाहणार. कच्चं लोखंड इतकं जड की तळाला फूटभर थर झाला की वजन पुरं. लांबून बघितलं तर वाघीण रिकामीच वाटते, वाकून बघावं तेव्हा तळाशी काळपट तांबूस ठोकळे दिसतात. आणि ते मधे ढीग करून नसतात, दोन्ही धुऱ्यांच्या वर वजन येईल असे पसरलेले असतात. कोकचं नेमकं उलटं. तो इतका हलका की काठापर्यंत भरला, वर शीग लावली तरी वाघिणीचं वजन पुरं होत नाही. कोकचा रंग कोळशासारखा चकचकीत काळा नको, राखाडी आणि मंद हवा. दोन्ही वाघिणी शेजारी उभ्या केल्या की जाणत्याला लगेच कळलं पाहिजे कुठली कशाची.

किर्लोस्करवाडीला किंवा ओगलेवाडीला जुन्या इमारती उभ्या आहेत त्या बाहेरून बघून या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला वाडी वसवली ती कुंडल रोड स्टेशनच्या शेजारीच, आणि कराडचं स्टेशन ओगले ग्लास वर्क्सच्या ओगलेवाडीला. माल रुळाने यायचा म्हणून कारखाने स्टेशनला चिकटून. तुमच्या फाउंड्रीची भिंत रुळाच्या किती जवळ ठेवायची ते तिथे उभं राहिल्यावर कळेल.

रूळवेडा_विश्रामबाग

काका, थर कमी केला. तळाला लाकडाचा पातळ तुकडा, त्यावर तारेचे तुकडे कापून ठोकळे केलेत. फाउंड्रीची भिंतही रुळापासून पाच सेंटिमीटरवर होती, ती तीनवर आणली. एवढ्या बदलाने सायडिंगला एकदम वजन आलं.

बाकी प्रगती: काकांच्या क्रमाने पहिला सांधा झाला. चार वेळा सोडून जोडून बघितला, नखाने चाचपलं तरी रुळाची पायरी लागत नाही. सीव्ही २ घोटून घोटून इंजिन आता सेकंदाला सेंटिमीटरभर सरकतं. वजनकाटा लूपच्या बाहेर पडणाऱ्या रुळावर घेतलाय, भरलेली प्रत्येक उघडी वाघीण आणि मळीची टाकी तिथे एकटी थांबली पाहिजे. त्यामुळे गाडी जोडताना तिला वेगळी काढून परत जोडावी लागते, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कामाला चांगलीच धार येते.

खडीबद्दलही सांगतो. मेन लाइनला चाळलेली बारीक कच, सायडिंगला खडी जवळजवळ नाहीच, मुरूम आणि काजळी. गाळपाच्या दिवसांत आपल्याकडे काजळी गच्चीवर पडते ती गोळा करून ठेवली होती. चाळून, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवली, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे गोंद वरच तरंगत न राहता आत जिरतो. स्लीपर अर्धे बुजलेत. कारखान्याची सायडिंग अशीच दिसते.

मिरजकर_तीनगेज

डाव्या बोर्डाचं काय ठरलं? सध्या तिथे नुसती लपवलेली लाइन आहे, गाडी उभी करायला. मी एक सुचवतो, जमलं तर.

तुम्ही धरलेल्या काळात मिरजेला तिन्ही गेज होते. पुण्याचा ब्रॉडगेज, बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ती लाइन १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली, गेज ७६२ मिलिमीटर. आता ७६२ ला ८७ ने भागा: ८.७६. म्हणजे एन या आणखी छोट्या स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ बसतो.

डाव्या बोर्डावर ट्रान्सशिपमेंटची शेड करा. मधे धक्का, एका अंगाला तुमचा ब्रॉडगेज, दुसऱ्या अंगाला नॅरोगेज. पंढरपूर बाजूने छोट्या वाघिणी येतात, माल हमालांच्या डोक्यावरून मोठ्या वाघिणीत जातो, आणि तीच वाघीण पुढे हरिपूर रोडला. गाडी कुठून आली याला उत्तर मिळतं. पडद्याआडून येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रूळवेडा_विश्रामबाग

हे करायचंच. नॅरोगेजवर इंजिन चालतं ठेवायचं की नुसत्या वाघिणी उभ्या करायच्या?

मिरजकर_तीनगेज

सुरुवातीला उभ्या ठेवा, दोन पुरे. दर फेरीनंतर हाताने बदला. पण रूळ एन स्केलचा जसाच्या तसा टाकू नका, त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात, मेन लाइनसारखे दिसतात. नॅरोगेजसाठी बनवलेला ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो, स्लीपर जाड आणि विरळ. तो नसेल तर एनचे स्लीपर काढून आइस्क्रीमच्या काड्यांचे घाला.

पॅटर्नवाला_कुपवाड

धक्क्याची उंची?

मिरजकर_तीनगेज

चांगला प्रश्न काका. ब्रॉडगेज वाघिणीची फरशी उंच, नॅरोगेजची खाली. दोन्ही रूळ एकाच पातळीला टाकले तर धक्का एकीला जुळेल आणि दुसरीला नाही, हमालाला ओझं घेऊन पायरी चढावी लागेल. म्हणून नॅरोगेजचा रूळ तेवढा उचलून घ्या. आधी ब्रॉडगेजची वाघीण रुळावर उभी करून फरशीपर्यंतची उंची मोजा, धक्का तिच्या बरोबरीने करा, मग नॅरोगेजखाली कॉर्कचे थर वाढवत न्या, छोट्या वाघिणीची फरशी धक्क्याला लागेपर्यंत.

रूळवेडा_विश्रामबाग

मोजली. रुळाच्या माथ्यापासून १५ मिलिमीटर. नॅरोगेजखाली कॉर्कचे दोन थर लागतील असं दिसतंय. डॉवेलचा दुसरा सांधा झाला की आधी हा धक्का घेतो, रंग नंतर.